भंगारातील पुरावे : जुन्या लष्करी जीपच्या साहित्याचा शोध



इतिहासाच्या व्याख्यानात गड, घराणी, सनदा आणि तहनामे यांचा उल्लेख व्हावा अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी ज्या वस्तूंविषयी बोलणार आहे त्या भंगाराच्या दुकानात किलोच्या भावाने विकल्या जातात. पेट्रोलचा पत्र्याचा डबा, आखूड दांड्याचे फावडे, कॅनव्हासची फाटकी पिशवी, बोटभर रुंदीची पितळी पट्टी. दुसऱ्या महायुद्धातील जीपगाडीवर एके काळी या वस्तू आपापल्या जागी बसविलेल्या होत्या. अशा जुन्या गाड्या मिळवून त्या पूर्ववत करणारे हौशी लोक आज आपल्या देशात बरेच आहेत. इंजिन सुरू होते, पत्रा सरळ होतो, रंगही लागतो. आणि मग गाडीवरचे मूळ साहित्य मिळविण्याची वणवण सुरू होते. माझ्या काही स्नेह्यांबरोबर ही वणवण मीही केली आहे. ते वस्तू विकत घेण्यासाठी येत. मी त्या वस्तूंवरची अक्षरे वाचण्यासाठी जात असे.

बेळगावला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या कॅम्पात आहे आणि पलटणीत गेलेल्या माणसाची पेटी, पदक किंवा निदान एखादा तरी फोटो आपल्याकडील पुष्कळ घरांतून आढळतो. म्हणून एक साधा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. दुरुस्त झालेल्या जीपवर कोणते साहित्य लावावे? हा प्रश्न केवळ सजावटीचा नाही. साहित्यावरून गाडीची ओळख ठरते. ती कोणाची होती, कोठे वावरली, कोणत्या युद्धात होती, हे पाहणारा त्यावरूनच समजतो. खरे साहित्य ही साक्ष असते, आणि चुकीचे साहित्य ही खोटी साक्ष ठरते.

प्रथम गाडीचा जन्म पाहू. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या लष्कराने चारही चाकांना गती मिळणारी हलकी टेहळणी गाडी बनवून द्यावी म्हणून १३५ कारखानदारांना विचारणा केली. मुदत इतकी तुटपुंजी होती की बहुतेकांनी उत्तरही दिले नाही. बँटम या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना तयार करून २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या हवाली केला. पण लहान कारखान्याला मोठा पुरवठा झेपणार नाही असे ठरून मुख्य काम विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांकडे गेले. विलीजच्या गाडीचे नाव एम. बी. आणि फोर्डच्या गाडीचे जी. पी. डब्ल्यू. त्यातला शेवटचा डब्ल्यू म्हणजे आराखडा विलीजचा, याची कबुली. युद्धाच्या अखेरीपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या बनविल्या.

या दोन गाड्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. तथापि त्यांना वेगळे ओळखता येते. रेडिएटरपाशी चासीचे दोन्ही बाजूंचे दांडे जोडणारा आडवा दांडा विलीजमध्ये नळीसारखा गोल असतो, फोर्डमध्ये उलट्या पन्हळीसारखा. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, कित्येक बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी एफ हे अक्षर ठोकले होते. विलीजच्या आरंभीच्या गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. पुढे फोर्डने काढलेली नऊ खाचांची साच्यातली जाळी दोघांनीही स्वीकारली. भंगाराच्या ढिगापुढे उभे राहिले की हे बारकावे उपयोगी पडतात. एफ अक्षराचा एखादा बोल्टही तो कोणत्या कारखान्यातून निघाला हे सांगून जातो.

अशा गाड्या हिंदुस्थानात आल्या त्या मुख्यतः ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी. बंगाल आणि आसाम या प्रांतांत अमेरिकन व ब्रिटिश सैन्याची अफाट कोठारे उभी राहिली होती. १९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपले आणि हा सारा माल सात समुद्रांपार परत नेणे व्यवहाराच्या दृष्टीने निरर्थक ठरले. १९४६ च्या मे महिन्यात अमेरिका व हिंदुस्थान सरकार यांच्यात उरलेल्या युद्धसाहित्याविषयी करार झाला आणि पुढे लिलावांचे सत्र सुरू झाले. बंगालमधील पानागढ येथे अमेरिकनांचा मोठा तळ होता; जुन्या गाड्या सोडविण्याचा व त्यांचे भाग विकण्याचा बाजार म्हणून ते गाव पुढे प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ‘मिलिटरी डिस्पोजल’ हा शब्द रूढ झाला आणि ओव्हरकोटापासून जनरेटरपर्यंत वाटेल ती वस्तू ‘डिस्पोजलचा माल’ या नावाने घरोघरी पोहोचली.

जीपची गरज मात्र युद्धाबरोबर संपली नाही. २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीने पुढे माझगाव येथे विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली. तीच कंपनी १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र झाली. त्याच वर्षी काश्मीरच्या युद्धासाठी सैन्याला तातडीने गाड्या हव्या होत्या, तेव्हा लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयामार्फत २,००० जुन्या, पुन्हा दुरुस्त केलेल्या जीप घेण्याचा करार करण्यात आला. १९४९ साली मद्रास बंदरात त्यांपैकी १५५ गाड्या उतरल्या आणि त्याही वापरण्यास अयोग्य ठरल्या. स्वतंत्र भारतातील पहिले मोठे गैरव्यवहार-प्रकरण म्हणून हे प्रकरण संसदेत गाजले. जुना लष्करी माल घेताना नुसत्या रंगावर भुलू नये, हा धडा आपल्या प्रजासत्ताकाने जन्मापूर्वीच घेतला होता असे म्हणण्यास हरकत नाही.

आता साहित्याकडे वळतो. जीपच्या डाव्या अंगाला, चालकाच्या पायाशी बाहेरच्या बाजूस, फावडे आणि कुऱ्हाड पट्ट्यांनी आवळलेली असत. मागे एका बाजूला स्टेपनी आणि दुसऱ्या बाजूला पेट्रोलचा डबा. चाकांवरच्या मागील कप्प्यांत जॅक, पाने, ग्रीसगन आणि हत्यारांची कॅनव्हासची गुंडाळी. डाव्या मडगार्डावर शत्रूच्या विमानांना दिसू नये असा मिणमिणता दिवा. पुढचे मोठे दिवे बिजागरीवर बसविलेले. ते उलटे फिरविले की बॉनेटखालच्या इंजिनावर उजेड पडे आणि रात्री दुरुस्ती करता येई. डॅशबोर्डवर गाडीचा क्रमांक आणि ती लष्कराच्या ताब्यात दिल्याची तारीख सांगणाऱ्या पट्ट्या. यांपैकी एकही वस्तू शोभेची नव्हती. प्रत्येकीमागे रणांगणावरची एखादी अडचण उभी आहे.

पेट्रोलच्या डब्याचेच उदाहरण घ्या. इंग्रजांकडे वाळवंटातील युद्धाच्या आरंभी चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे होते. ते वाटेतच फुटत, गळत आणि मौल्यवान पेट्रोल वाळूत जिरून जाई. जर्मनांकडे १९३७ साली सिद्ध झालेला २० लिटरचा भक्कम डबा होता. त्याला वर तीन मुठी. त्यामुळे दोघांना मिळून एक डबा उचलता येई, आणि रिकामे असताना एका माणसाला दोन्ही हातांत मिळून चार डबे नेता येत. हाती लागलेले जर्मन डबे इंग्रज सैनिक हौसेने वापरू लागले आणि शेवटी इंग्रजांनी त्यांची हुबेहूब नक्कल केली. जर्मन माणसाला इंग्रजी बोलीत ‘जेरी’ म्हणत, म्हणून तो जेरीकॅन. अमेरिकनांनी आपल्या डब्याला फिरकीचे झाकण ठेवले. इंग्रजांनी जर्मन पद्धतीचे खटक्याचे. म्हणजे झाकण पाहूनच डबा कोणाचा हे बहुधा कळते. त्यावर वर्ष ठोकलेले असते, आणि इंग्रजी डब्यावर डब्ल्यू. डी. ही अक्षरे व बाणाची खूण असते. हा बाण म्हणजे इंग्रज सरकारच्या मालमत्तेचे जुने चिन्ह. आपल्या सैन्याच्या गाड्यांच्या क्रमांकाआधी आजही वर टोक केलेला बाण दिसतो, तो याच खुणेचा वारसा होय.

या वस्तू मिळतात कोठे? मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. तथापि माझ्या अनुभवात अधिक मोलाच्या वस्तू खेड्यांतून आढळल्या. आपल्या लोकांनी हा माल जपला, कारण तो वापरला. जेरीकॅनमध्ये रॉकेल राहिले. ताडपत्री गंजीवर गेली. दारूगोळ्याच्या पेटीत कोणी हत्यारे ठेवली, कोणी दस्तऐवज. जी वस्तू उपयोगी पडली ती टिकली. पण उपयोगासाठीच ती कापली गेली, जोडली गेली, रंगविली गेली. म्हणून हौशी माणसाला हवी असते तशी अस्पर्श वस्तू येथे क्वचितच मिळते. मला त्याचा खेद वाटत नाही. डब्याला पडलेले डाग आणि मागाहून मारलेली डाखणीची ठिगळे हासुद्धा त्या वस्तूचा इतिहासच आहे.

याविषयीचा एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. खानापूर तालुक्यातील एका घरी दारूगोळ्याची लोखंडी पेटी असल्याचे कळले. घरच्या नातवाला ती विकायची होती आणि माझ्या स्नेह्याला ती जीपच्या मागल्या भागात ठेवण्यासाठी हवी होती. पेटीवर घराच्या दारांना देतात तो हिरवा तैलरंग होता. कोपऱ्यात त्याचे पापुद्रे सुटले होते आणि त्याखाली काळा रंग दिसत होता. उन्हात तिरपी धरली तेव्हा काळ्यावर पांढऱ्या अक्षरांचे अवशेष दिसू लागले : एक क्रमांक, अर्धे नाव आणि गावाचे नाव. ‘आजोबांनी बाजारातून घेतलेली पेटी’ असा घरात समज होता. परंतु नाव आजोबांच्या थोरल्या भावाचे निघाले. ते पलटणीत होते एवढेच घरात ठाऊक होते. त्यांची एकही वस्तू मागे उरली नाही अशी सर्वांची समजूत होती. घरातील वृद्ध आजी ती अक्षरे बोटाने चाचपीत राहिल्या. व्यवहार तेथेच थांबला. स्नेह्याने उदारपणे पेटीची मापे घेतली, मी अक्षरांची छायाचित्रे काढली आणि पेटी त्या घरातच राहिली. जीपवर आज आहे ती त्या मापाने नवी बनविलेली पेटी. ती जर गॅरेजात गेली असती, तर रंग उतरविण्याच्या पहिल्या तासाभरात एका माणसाची एकमेव नोंद पुसली गेली असती, आणि कोणाला त्याची खंतही वाटली नसती.

मराठी इतिहाससंशोधनाला हा धोका नवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली, त्या काळी पुष्कळ घरांतून मोडी कागदांकडे रद्दी म्हणून पाहिले जाई. त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. कागद कोठे मिळाला, कोणाकडे मिळाला, कोणत्या स्थितीत मिळाला, हे कागदाइतकेच महत्त्वाचे असते, ही जाणीव आपल्याकडे त्या पिढीने रुजविली. कागदाच्या रद्दीला लावलेली ही कसोटी लोखंडाच्या भंगाराला लावली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. म्हणून माझ्या स्नेह्यांना मी एक नोंदवही ठेवावयास लावली. वस्तू, तिच्यावरील खुणा, मिळाल्याची तारीख, गाव, देणाऱ्याने सांगितलेली हकिकत आणि रंग उतरविण्याआधीचे छायाचित्र. ज्या गाडीला अशी वही नाही ती कितीही देखणी असली तरी इतिहासाच्या दृष्टीने मुकी आहे.

आता गाडीच्या रंगाकडे आणि खुणांकडे येतो. आपल्याकडील दुरुस्त जीपगाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटवर मोठा पांढरा तारा रंगविलेला असतो. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील चित्रपट पाहून तो आलेला असतो. आसाम-बंगालमधील अमेरिकन तुकडीची गाडी असेल तर तारा योग्यच आहे. पण जी गाडी हिंदी सैन्याकडे होती तिच्यावर नॉर्मंडीचा थाट चढविणे म्हणजे तिच्या तोंडून दुसऱ्याचीच कथा वदविणे. हिंदी डिव्हिजनांची स्वतःची बोधचिन्हे होती. चौथ्या डिव्हिजनचा तांबडा गरुड, सतराव्याचे काळे मांजर, तेविसाव्याचा झुंजार कोंबडा. ही चिन्हे गाड्यांवर रंगविलेली असत आणि त्यांवरून गाडी कोणाची हे लांबून कळे.

झुंजार कोंबड्याचे चिन्ह आपल्याला विशेष जवळचे आहे. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातील सांगशाक येथे जपानी सैन्याला काही दिवस थोपवून धरणाऱ्या तुकड्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती, आणि ती याच तेविसाव्या डिव्हिजनची. त्याच वर्षी १० जुलै रोजी इटलीत तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी तोच सन्मान मिळविला. ज्यांच्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या गावात आहे त्यांच्या युद्धाची एकही खूण आपल्या गावच्या जीपवर नसावी आणि परक्या किनाऱ्याचा तारा मात्र असावा, हे मला बरे वाटत नाही. अर्थात उलट बाजूचाही मोह टाळला पाहिजे. गाडी तेविसाव्या डिव्हिजनची होती याला आधार नसेल, तर केवळ अभिमानापोटी तिच्यावर कोंबडा रंगविणे हीसुद्धा खोटी साक्षच होय. आधार नसेल तेथे जागा कोरी सोडावी.

येथे कायद्याचाही विचार करावा लागतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमानुसार खाजगी मोटारीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. तो संरक्षण खात्यासाठी राखून ठेवला आहे. तेव्हा रस्त्यावर आणावयाच्या गाडीचा रंग परिवहन कार्यालयात विचारूनच ठरवावा. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांत चासी, मूळ सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. आपल्याकडील पुष्कळ जुन्या जीपना पेट्रोलच्या खर्चापायी डिझेल इंजिने बसविली गेली. त्यांच्यापुढे ही अट आडवी येते. आणखी एक सूचना तरुणांना करतो. जुना वायरलेस संच मिळाला तर परवान्याची चौकशी आधी करावी. आणि काडतूस किंवा गोळा सापडल्यास त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे. जुने म्हणून ते निरुपद्रवी झालेले नसते.

प्रतिकृतींचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. फावड्याचा दांडा, कॅनव्हासचे टप, रबरी पट्ट्या या वस्तू आठ दशके टिकणार नाहीत. त्या नव्या कराव्याच लागतात आणि त्यात काही गैर नाही. डॅशबोर्डवरच्या पट्ट्यांचे तसे नाही. कोऱ्या पट्ट्या आज तयार मिळतात. त्यांवर हवा तो क्रमांक आणि हवी ती तारीख ठोकता येते. एका विक्रेत्याने मला विचारले होते, ‘साहेब, कोणते साल पाहिजे? बेचाळीस महाग, पंचेचाळीस स्वस्त.’ त्याच्या स्पष्टवक्तेपणाचे मला कौतुक वाटले. पण इतिहासाचा असा दरपत्रक होऊ लागला तर पुढच्या पिढीने कशावर विश्वास ठेवावा? माझ्या मते नियम सोपा आहे. नव्या वस्तूच्या मागच्या बाजूस ती बनविल्याचे खरे वर्ष कोरावे. समोरून गाडीची शोभा जात नाही आणि मागून पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही.

शेवटी, गाडी कोणत्या काळात नेऊन ठेवायची? १९४४ हेच एक उत्तर नाही. १९४८ च्या काश्मीरमधील गाडी, १९६१ च्या डिसेंबरात गोवामुक्तीसाठी ज्या दिवसांत बेळगावात सैन्य जमले त्या काळची गाडी, किंवा लष्करातून निघून घाटातल्या गावांना उतारू पोहोचविणारी गाडी, ही सारी तिचीच रूपे आहेत. डिझेल इंजिन बसविलेली, मागे आडवी बाके टाकलेली जीप संग्रहालयात कोणी ठेवीत नाही. पण आपल्या भागात जीप म्हणून लोकांनी जी ओळखली ती तीच. ज्या रूपाचा पुरावा हाती आहे ते रूप राखावे, असे माझे मत आहे. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. ते अवश्य पाहावे. परंतु रणगाडे जपावयास सैन्य समर्थ आहे. डबे, पेट्या आणि पट्ट्या जपण्याचे काम मात्र घरांनाच करावे लागेल.

म्हणून येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. माळ्यावरचे, गोठ्यातले, शेतघरातले जुने लोखंड भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा उजेडात आणा. त्यावर अक्षर, आकडा, बाण किंवा वर्ष आहे काय ते पाहा. छायाचित्र काढा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना ती वस्तू कोठून आली ते विचारून लिहून ठेवा. नंतर वस्तू विकलीत तरी हरकत नाही. नोंद तुमच्याजवळ राहील. त्या नोंदींची एक वही या शाळेच्या ग्रंथालयात ठेवली जावी, अशी सूचना मी विश्वस्तांपुढे मांडतो.